वेशीतली हाक

दगड पडला तेव्हा माझ्या तोंडात मिश्री होती. थुंकायला जागा शोधत होते... आणि वेशीच्या कमानीतला हा एवढा चिरा धाडकन् खाली आला. बरोबर तिथेच, जिथे माझी धाकटी जाऊ सुलभा उभी होती. धुरळ्यात काही दिसेना. वाटलं, गेली.

तर ती मागे वळून माझ्या पुढ्यात आलेली. रागाने लाल.

"वयनी, मागसून हाक कित्याक मारलास? तीपण गोदे म्हणून!"

मी चौथी शिकलेली बाई. राहते घाटकोपरला. भूत-बित, राखणदार-बिखणदार कधी मानलं नाही. आजही मानत नाही, हे आधीच सांगते.

सुलभाची सून वैशाली. तिचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीजवळ, एका जुन्या तटबंदीच्या शहरात. तिथे तिच्या भाचीच्या बारशाला गेलो होतो. जेवण झाल्यावर, भर दुपारी, ती आम्हाला सुलतानांच्या काळातली वेस दाखवायला घेऊन गेली. सुलभा पुढे, आम्ही दोघी मागे.

मी थुंकले आणि विचारलं, "गोदी कोण?"

सुलभाचा राग उतरला. "माझां म्हायारचां नाव, गोदावरी. आई गेल्यापासून कोणी हाक मारूक नाय."

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. जुनं नाव मी तिला कधी विचारलं नाही, तिने मला विचारलं नाही. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, तरी.

"काकी, तुम्हीच हाक मारलीत ना," वैशाली म्हणाली. "तुमचाच आवाज. मीपण ऐकला."

"मिश्रीने तोंड भरलेलं असताना? काय गं, पोटातून ओरडले?"

वैशालीने माझा हात धरला. म्हणाली, वेशीवर नारळ ठेवूया. म्हटलं, नारळ चटणीला लागतो. तिचा हात सोडवला आणि त्या चिऱ्यापाशी जाऊन उभी राहिले — कमानीखालीच.

"कोण रे तू, माझ्या आवाजात बोलणारा? हिंमत असेल तर मलापण हाक मार. माझ्या जुन्या नावाने!"

कबुतरं उडाली. बाकी काही नाही.

"वयनी, पाया पडतंय, भायर येवा," सुलभा रडायला लागली, म्हणून आले. घाबरून नाही.

चिरा जुना होता, सुटला, पडला. ते मला कळतं. हाकेचं अजून कळत नाही, आणि ज्यांना कळतं म्हणतात ते थापा मारतात.

गोदावरी जिवंत आहे. चूल आता वेगळी, पण आमच्याच मजल्यावर, समोरच्या खोलीत.