मिलिंद नावाचे दोघे

माझ्या मोठ्या भावाचं नाव मिलिंद होतं. हे एक नाव मी लिहिते आहे, कारण ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. बाकी कोणाचं लिहिणार नाही.

नाव बाबांनी ठेवलं. बाबा कन्हानजवळच्या कोळसा खाणीत कामाला होते. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा बाबा त्यांच्या खांद्यावर बसून आले होते, असं घरात सांगतात. बाबांना त्यातली फक्त गर्दी आणि पांढरे कपडे आठवतात. आजोबांच्या पिढीत आमच्याकडे कचरू, धोंडू, उकंडू अशी नावं असायची. पोराला नजर लागू नये म्हणून ठेवायचे असं काही जण सांगतात. चांगलं नाव ठेवलं तर गावातले मोठे लोक चिडायचे म्हणून, असंही सांगतात. दीक्षेनंतर मात्र वस्तीत एकदम वेगळी नावं आली. सिद्धार्थ, आनंद, राहुल, गौतम, मिलिंद. इतकी आली की एका गल्लीत लंबा मिलिंद, चश्मेवाला मिलिंद आणि टाकीजवळचा मिलिंद असे तीन होते. टाकीजवळचा म्हणजे माझा भाऊ.

विहारात एक म्हातारे भन्ते यायचे. त्यांच्याकडून बाबांनी मिलिंद राजाची गोष्ट ऐकली होती. परदेशी वंशाचा, ग्रीक राजा. तो एका भिक्खूकडे गेला आणि प्रश्नावर प्रश्न विचारत राहिला, शेवटी त्याचं समाधान झालं. बाबांना त्यातला राजा आवडला नव्हता, प्रश्न आवडले होते. "आपल्या घरात इचारणारं कोणीतरी पाह्यजे," असं म्हणून त्यांनी नाव ठेवलं. पुढे भाऊ निघाला एकदम मुका. कधी कोणाला काही विचारलं नाही. दुकानदारानं सुटे पैसे कमी दिले तरी खिशात टाकून निघून यायचा. बाबा हसायचे, "राजा आला, प्रश्न घरी इसरला."

नावाचं लोकांनी आपापल्या जिभेप्रमाणे केलं. आई मिलिन म्हणायची, द तिच्या तोंडात कधी आलाच नाही. मित्र मिल्या म्हणायचे. हिंदीवाले शेजारी मिलिंदभैया. शाळेच्या दाखल्यावर ली दीर्घ पडला तो तसाच राहिला. वहिनी लग्नानंतर महिनाभर "अहो" म्हणाली, मग सरळ मिलिंद म्हणायला लागली. आईला ते आवडलं नव्हतं.

भाऊ एका कॉलेजात प्रयोगशाळेत होता. हुडकेश्वरला घर बांधलं, आई-बाबांना कन्हानहून आणायचं म्हणून खाली एक जास्तीची खोली काढली. आई त्या खोलीत राहिली आणि गेली. बाबा काही दिवस इथे, काही दिवस कन्हानला. मी दोन गल्ल्या मागे राहते. माझं ऑफिस सिव्हिल लाइन्सला आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी भाऊ ओट्याजवळ पाणी पिता पिता खाली बसला. पडला नाही, बसला. वहिनी म्हणाली, "काहून बसले गा?" कधी नव्हे ते गमतीत म्हणाली. त्याला उत्तर देता आलं नाही. मेंदूतली नस फुटली होती.

अतिदक्षता विभागाबाहेर लांब बाकडी होती. वर पंखे, कोपऱ्यात पाण्याचा कूलर. दाराशी बसलेला गार्ड पेशंटचं नाव घेऊन ओरडायचा आणि त्या घरचं माणूस उठायचं. पहिल्याच दुपारी तो ओरडला, "मिलिंदचे नातेवाईक!" मी आणि वहिनी उठलो. पलीकडच्या बाकावरून अजून एक बाई उठली. आम्ही तिघी दारापाशी जाऊन उभ्या राहिलो. गार्डनं आमच्याकडे पाहिलं. "दोन मिलिंद हायत का?"

तिचा मिलिंद तिचा नवरा होता. कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब बघायचा. मोसंबीचा ट्रक मागे येत होता आणि तो फोनवर बोलत मधेच उभा होता. डोक्याला मार, कंबर मोडलेली. ती महालातली, नागपूरच्या जुन्या वस्तीतली. मराठ्यांच्या राज्यात त्यांच्या घराण्यातले कोणी कारकून म्हणून आले, तेव्हापासून तिथेच. हे सगळं तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं. वाट पाहताना माणसं असंच सांगतात. आडनाव तिनं विचारलं नाही, आम्हीही नाही. नागपुरात मिलिंद म्हटलं की पुढे आडनाव विचारतात. कारण ते नाव आमच्यातही आहे आणि त्यांच्यातही, नुसत्या नावावरून माणूस ओळखता येत नाही. भावाला आयुष्यभर हे विचारलं गेलं. "मिलिंद... पुढे?" तो सांगायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते होऊ द्यायचा. त्या बाईनं विचारलं नाही हे मला तेव्हा जाणवलं होतं. बरं वाटलं असं नाही. फक्त जाणवलं.

गार्डनं मग आपली सोय करून घेतली. "हुडकेश्वर मिलिंद" आणि "महाल मिलिंद" असं ओरडायचा. आम्ही डबा आणायचो, ती आणायची. तिच्या डब्यात रोज भेंडी असायची. वहिनी तिच्या खांद्याला डोकं टेकवून दुपारी झोपायची. मी झोपायचे नाही. मला रडूही येत नव्हतं. भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं पोस्टर होतं, ते मी वाचायचे, संपलं की पुन्हा वाचायचे.

मग ती दुपार आली. गार्ड जेवायला गेला होता. आतून नवीन नर्स बाहेर आली, तिला आम्ही आधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मिलिंदचे कोण हायत?" महालची बाई खाली औषधं आणायला गेली होती. वहिनी उठली. नर्स हसली. "पेशंटनं डोळे उघडले. पाणी मागून राहिले. डॉक्टर आले की एकाला आत सोडतो." आणि ती परत आत गेली.

वहिनी तिथेच जमिनीवर बसली. तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, मोठ्यानं. बाकावरचे सगळे उठून आले. कोणी तिला पाणी दिलं. एक म्हातारा गृहस्थ माझ्या पाठीवर थोपटत होता. मी फोन काढला आणि कन्हानला बाबांना लावला. "बाबा, उठला तो. पाणी मागून राहिला." पलीकडून बाबांचा आवाज आला, "थांब, थांब," आणि मग ते शेजाऱ्यांना ओरडून सांगत असलेले ऐकू आले.

महालची बाई जिन्यानं वर आली. वहिनीला खाली बसलेली पाहून तिच्या हातातली पिशवी गळली. तिला वाटलं, संपलं. मी सांगितलं की डोळे उघडले. तिनं वहिनीला मिठी मारली. "मी म्हणत नव्हते? मी म्हणत होते की नाही?" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तीही रडत होती. तिच्या पिशवीतलं सलाइन फरशीवर पडलं होतं, ते मी उचललं.

डॉक्टर आले. त्यांनी दार अर्धं उघडून विचारलं, "ट्रक अॅक्सिडेंटचे नातेवाईक?"

कोणी हललं नाही. त्यांनी परत विचारलं. मग महालची बाई म्हणाली, "मी." डॉक्टर म्हणाले, "या. बोलून राहिलेत थोडं."

तिनं वहिनीला सोडलं नव्हतं. दोघींचे हात अजून एकमेकींत होते. तिचं तोंड कसं झालं ते मला सांगता येणार नाही. ती आनंदली नाही. घाबरल्यासारखी झाली. "नाही," म्हणाली, "तुम्ही नीट बघा, ते यांचे..." डॉक्टरांना काही कळत नव्हतं.

वहिनीनंच तिचा हात सोडवला. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जा वं. पाणी पाज त्याले."

ती आत गेली. वहिनी उठून बाकावर बसली. आजूबाजूचे हळूहळू आपापल्या जागी परतले. मी बाबांना परत फोन लावला. मागे शेजारच्या बायकांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "बाबा, तो आपला नव्हता. दुसरा मिलिंद होता." बाबांनी बायकांना गप्प केलं. मग त्यांनी विचारलं, "मंग आपला कुठं हाय?" मी म्हटलं, "आहे तिथंच आहे." ते म्हणाले, "बरं."

पुढच्या आठवड्यात भाऊ गेला. सकाळी गेला. सांगताना डॉक्टरांनी आधी पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, मग वहिनीचं नाव विचारलं, मगच सांगितलं. मी त्या वेळी काही केलं नाही. सही करायची होती ती केली. घाटावर लोक बोलले, भन्तेंनी वंदना घेतली, मी पाया पडणाऱ्यांना बाजूला सरकून जागा करून देत होते. घरी आल्यावर वहिनीच्या आईनं मला चहा दिला, मी प्यायले, त्यात साखर नव्हती हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

ऑफिस सुरू झालं. तिथे दुपारी काम नसलं की मी नाव शोधायला लागले. का, ते माहीत नाही. काहीतरी वाचायला हवं होतं. राजाचं ग्रीक नाव मेनांद्र. पालीत ते येता येता मिलिंद झालं. न चा ल झाला, शेवटचा र गळून पडला. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला इथल्या लोकांना वाचता यावं म्हणून खरोष्ठी लिपीत मेनद्रस, म्हणजे मेनांद्राचं. ग्रीकमध्ये त्या नावाचे दोन तुकडे पडतात, एक टिकून राहणं आणि दुसरा माणूस. टिकून राहणारा माणूस. हे वाचलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई बिस्किटाचा पुडा पुढे करत होती. मी एक घेतलं.

दिवाळीनंतर महालचे दोघं हुडकेश्वरला आले. आधी फोन केला होता. तो वॉकर घेऊन चालत होता, डोक्यावरचे केस अजून नीट आले नव्हते. बाबा तेव्हा इथेच होते. वहिनीनं खुर्ची दिली, पाठीमागे उशी ठेवली. तो भावापेक्षा बारीक आणि खूप बोलका निघाला. हॉस्पिटलातलं त्याला काही आठवत नव्हतं. बायकोनं सगळं सांगितलं होतं, म्हणून आलो, म्हणाला.

बाबांनी विचारलं, "तुमचं नाव कोनं ठेवलं जी?"

"आजोबांनी. संस्कृत शिकवायचे ते. मिलिंद म्हणजे भुंगा. कमळावरचा."

"भुंगा?" बाबा म्हणाले.

"हो. शाळेत पोरं गुं गुं करून चिडवायचे."

बाबा हसले. भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले. "आमचा राजा होता," ते म्हणाले, आणि राजाची गोष्ट सांगायला लागले. त्या माणसाला आपल्या नावाचा असा कोणी राजा होता हे ठाऊक नव्हतं. तो पुढे वाकून ऐकत होता. मधे मधे विचारायचा, "कुठला पण तो? मग भिक्खू काय म्हणाला? मग?" बाबा प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देत होते. उत्तर माहीत नसलं की माझ्याकडे बघत, आणि मी वाचलेलं सांगत होते. वहिनी आत पोहे करत होती. फोडणीचा आवाज बराच वेळ येत राहिला.

निघताना त्याच्या बायकोनं दारातून हाक मारली, "मिलिंद, पायरी आहे, बघून."

त्या घरात ते नाव कोणी इतक्या साध्या आवाजात घेतलं नव्हतं बरेच महिने. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. वहिनी प्लेटा गोळा करत होती. तिचा हात थांबला, मग तिनं एकात एक प्लेटा ठेवल्या आणि आत नेल्या. मी फाटकापर्यंत गेले, ऑटोत वॉकर चढवला.

ते दोघं अजून येतात. तो बाबांना फोनही करतो, बाजारभाव सांगतो, बाबांना त्यातलं काही नको असतं तरी ते ऐकतात. वहिनीला भावाच्या कॉलेजात काम मिळालं, ती सकाळी लवकर जाते. आमच्या ओळखीत नव्या जन्मलेल्या कोणाचंही नाव मिलिंद ठेवलेलं मी ऐकलं नाही. आता अयांश, विहान अशी नावं असतात. मिलिंद म्हटलं की चाळिशी-पन्नाशीतला माणूस समोर येतो.

परवा बाबांनी विचारलं, "तो राजा मेला कसा?"

मी म्हटलं, दोन प्रकारे सांगतात. आपल्याकडे सांगतात की त्यानं राज्य मुलाला दिलं आणि भिक्खूचं चीवर घातलं. एका ग्रीक लेखकानं लिहिलंय की तो लढाईच्या छावणीत मेला, आणि त्याची राख कोणाकडे राहावी यावरून शहरांचं भांडण झालं. मग सगळ्यांनी ती सारखी वाटून घेतली.

बाबांनी विचार केला. "चीवर घातलं असन," ते म्हणाले.

मी म्हटलं, "असेल."

मग ते उठले आणि गॅलरीत वाळत टाकलेले कपडे काढायला गेले. वहिनीची साडी वाऱ्यानं दोरीला गुंडाळली होती. ती त्यांना सुटेना, म्हणून मी दुसरं टोक धरलं.