पहिलं पाणी

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिला सगळे खळमावशी म्हणत. बावीस वर्षं चादरींना आणि डॉक्टरांच्या कोटांना खळ घातल्यावर थोडी जिभेलाही चढणारच, असं बॉयलरवाला म्हणायचा. ती म्हणायची, "चढली म्हणूनच तुझ्यासारख्यासमोर ताठ उभी आहे."

शनिवारचं काम मात्र बिनपगारी. चर्चच्या वेदीवरची कापडं ती घरी आणून धुवायची. त्यात आठ छोटे रुमाल असत, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर प्याला पुसायचे. त्या प्याल्यातला द्राक्षारस म्हणजे प्रभूचं रक्त, म्हणून रुमालांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीला द्यायचं, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. दारातली माती सिमेंटखाली गेली तेव्हा तिनं रंगाच्या रिकाम्या पिंपात लिंबाचं झाड लावलं, ते एवढ्यासाठीच. मग इस्त्री आणि आईचीच घडी, उभे तीन पदर आणि वर आडवे तीन.

आणि मग दिवस फिरले. आधी चर्चच्या काचा फुटल्या, नंतर दाराला सील लागलं. फादरना चौकशीला नेलं ते आलेच नाहीत. काही घरांतून भिंतीवरचा क्रूस उतरला, आणि भिंतीवर त्याची फिकट खूण उरली म्हणून तिथे कॅलेंडर लागलं. कोणी कोणाला नावं ठेवत नव्हतं. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी नोकरीला होतं, कोणीतरी शिकत होतं.

खळमावशीच्या घरात तिची मुलगी होती, शाळेत शिकवणारी. आणि कपाटात शेवटच्या मिस्साचे आठ रुमाल. सात तिनं धुतले. आठव्यावर अंगठ्याएवढा डाग होता, तो तिनं पत्र्याच्या डब्यात तसाच ठेवला. डाग ताजा असतानाच धुवावा, शिळा झाला की जन्मात निघत नाही, हे नव्या बायकांना ओरडून सांगणारी ती. पण फादर नाहीत, मिस्सा नाही. हाही धुतला तर उरलं काय, असं तिच्या मनानं घेतलं.

तीन महिन्यांनी शाळेनं मुलीकडे दाखला मागितला. सील केलेल्या इमारतीतली एकही वस्तू घरात नाही, असं वस्ती कमिटीनं लिहून द्यायचं होतं. दाखला नाही तर नोकरी नाही. कमिटीचा माणूस शुक्रवारी घर बघायला येणार होता. तो गल्लीतलाच, पंखे दुरुस्त करणारा. लहानपणी वेदीवर फादरच्या हातांवर पाणी घालायचा तोच.

गुरुवारी मायलेकींचं वाजलं. मुलगी म्हणाली, डबा जाळून टाकू. खळमावशी म्हणाली, धूर काय फक्त आपल्यालाच दिसतो? मग मुलगी म्हणाली, नाल्यात टाकून येते. त्यावर आईनं डबा मांडीवरच घेतला.

"तुझा देव एवढ्याशा डब्यात मावतो का गं, आई?"

"मावत नाही. म्हणून तर सांडू देत नाही."

मुलगी हसली नाही. फादर गेल्यापासून तिनं हात जोडलेले खळमावशीनं पाहिले नव्हते. विचारायचा धीर होत नव्हता. विचारलं आणि पोरगी तोंडावर नाही म्हणाली, तर ते ऐकून राहायचं कुठे?

शेवटी तिनं आठवा रुमाल गार पाण्यात भिजवला. चोळला, पुन्हा भिजवला. डाग तपकिरी झाला आणि तिथेच बसला. पहिलं पाणी लिंबाला गेलं.

शुक्रवारी आठही रुमाल घडी घालून, कमिटीला देऊन टाकायला, टेबलावर होते. पंखेवाल्यानं वरचा उचलला. डागावर त्याचं बोट थांबलं.

"पहिलं पाणी?" त्यानं हळूच विचारलं.

"लिंबाला."

त्यानं यादीत लिहिलं, जुने रुमाल, आठ. ते पिशवीत टाकले, दाखल्यावर सही केली. दारात म्हणाला, "मावशी, मलाही पोरं आहेत."

"मी काही बोलले का तुला?"

पंधरा दिवसांनी सरकारी कचेऱ्यांचे कपडे हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आले. त्या गाठोड्यात, फडक्यांमध्ये, ते रुमाल होते. शिवण तिच्या हातची. सातांवर बुटाचं काळं पॉलिश माखलेलं. आठवा मात्र तिच्याच घडीत, न वापरलेला. तिनं सगळे धुतले, खळ घातली, तीन पदरी घड्या करून परत पाठवले. घरी न्यायचा विचार आला, पण गेटवर झडती होते, आणि दाखल्यावर मुलीचं नाव होतं.

पुढच्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला आठवाही काळा होऊन आला. पंखेवाला आता कमिटीवर नाही, असं बॉयलरवाल्याकडून कळलं. कुठे आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं त्या दिवशी एकही थट्टा केली नाही.

आठवा रुमाल तिनं मशीनमध्ये टाकला नाही. बादलीत, गार पाण्यात, हातानं धुतला. पॉलिश निघालं, खालचा तपकिरी डाग तसाच. एकदा धुतला तेव्हाच पहिलं पाणी झालं, हे तिला कळत होतं. पण डाग अजून आहे, तर पहिलं पाणी संपलं कुठे? तिनं त्यातलं थोडं प्यायच्या पाण्याच्या बाटलीत भरलं. गेटवर पहारेकऱ्यानं बाटली हलवून पाहिली आणि नाक मुरडलं. ती म्हणाली, आमच्या नळाला असंच येतं.

घरी मुलीनं आईच्या पिशवीतून जेवणाचा डबा धुवायला काढताना बाटलीही काढली. करड्या पाण्याकडे बघत मोरीशी गेली.

"थांब," खळमावशी म्हणाली. सांगितलं तर पोरगीही यात अडकणार. न सांगितलं तर पाणी मोरीत.

मुलीनं आईच्या हातांकडे पाहिलं. नखांत पॉलिश होतं. बाटली घेऊन ती दार उघडून बाहेर गेली. आधी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, मग पिंपापाशी वाकली. लिंबाची पानं पिवळी पडत चालली होती.

"बुंध्यावर नको," खळमावशी आतूनच म्हणाली. "कडेनं ओत. सावकाश."