त्या दरवाज्याचं गाऱ्हाणं

मी प्रवासवर्णनं लिहितो, आणि गेली काही वर्षं मला एकच वाक्य ऐकवलं जातं: लिहिता छान, पण त्यात राजकारण कशाला? जणू राजकारण म्हणजे माशातला काटा, अलगद काढला की मासा तसाच राहतो. गावाकडे जाणारा रस्ता बंद का, असं विचारलं की ते राजकारण. तिथली जिलेबी कुरकुरीत होती असं लिहिलं की ते साहित्य. मला या वाटणीचा मनापासून राग येतो.

गेल्या हिवाळ्यात उत्तरेतल्या एका गावी गेलो तो, खरं सांगायचं तर, जिलेबीसाठीच. तिथली एक अख्खी गल्ली एका सकाळी पाडली होती. मोर्च्यात काही पोरांनी घोषणा दिल्या म्हणून, असं लोक हळू आवाजात सांगत होते. घोषणा दिल्या चौघांनी, घरं गेली सगळ्यांची. त्या उघड्या जागेवर एक बाई शिलाई मशीन चालवत बसल्या होत्या. त्यांनी चहाला बोलावलं. मी पुढे पाऊल टाकलं तशा त्या म्हणाल्या, "चप्पल बाहर."

मी इकडेतिकडे पाहिलं. भिंत नव्हती, दार नव्हतं, जमिनीवर नुसती विटांची एक ओळ होती. मी त्या ओळीबाहेर चपला काढल्या आणि आभाळाखाली त्यांच्या घरात बसून चहा प्यालो. निघताना त्या म्हणाल्या, "लिखते हो ना? तो लिखना, दरवाज़ा यहाँ था." मी हो म्हटलं आणि त्यांचा नंबर घेतला.

मुंबईला येऊन लेख लिहिला. पुरवणीत छापून आला तेव्हा त्यातली नेमकी तीन वाक्यं गायब होती. जिलेबी मात्र सहीसलामत होती. संपादकांशी फोनवर भांडलो, पण त्याहून जास्त लाज वाटली. शब्द दिला होता मी, संपादकांनी नव्हे. त्या बाईंना कात्रण पाठवायची माझी हिंमत झाली नाही.

आमची चाळ लालबागची, बहुतेक घरं मालवण-कणकवलीकडची. वर्षातून एकदा चौकात सार्वजनिक सत्यनारायण असतो आणि आरतीआधी गाऱ्हाणं. एकाने देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. लहानपणापासूनची सवय अशी की तोंड आपोआप उघडतं. गॅलरीत कपडे वाळत घालणारीसुद्धा तिथूनच व्हय म्हणते. इतकी वर्षं हे गाऱ्हाणं सात नंबरच्या खोलीतले आजोबा घालत आले. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस, साच्यांच्या खडखडाटावर मात करणारा आवाज. यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पूजेच्या संध्याकाळी त्यांनी माझी बाही ओढली आणि नारळ माझ्या हातात ठेवला.

लगेच चाळीचे सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. "हे बघ, पुढच्या रांगेत आमदारसाहेबांची माणसं बसलीयत. मांडव त्यांनी दिलाय. पाऊसपाणी, पोरांचं शिक्षण, आजारपण, एवढंच माग. उगाच काडी टाकू नकोस रे."

"दादा," मी म्हटलं, "संपात ह्याच आजोबांनी इथेच उभं राहून मालकांना सद्बुद्धी मागितली होती. ते काय होतं, पाऊसपाणी?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मी नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा! आज ही सगळी लेकरा तुझ्या पायाशी इलेली असत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आजाऱ्यांना बरं कर म्हटलं, पोरांना कामधंदा दे म्हटलं. चौक लयीत व्हय म्हणत गेला. मग त्याच लयीत मी म्हटलं, "उत्तरेक एका गल्लीतली घरा जेनी पाडली, तेंका जाब इचार, आणि जेंची पाडली, तेंची परत उभी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खी चाळ! सगळ्यात मोठा आवाज सेक्रेटरींचा. साहेबांची माणसंही व्हय म्हणून गेली आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मला हसू आवरेना.

तिथे थांबलो असतो तर गंमत झाली असती, चाळीला वर्षभर पुरली असती. पण माझं मलाच ते पटेना. सवयीने दिलेला होकार म्हणजे होकार नव्हे. असल्याच होकारांवर तर आज देश चाललाय. म्हणून लय सोडून, साध्या भाषेत, सावकाश पुन्हा सांगितलं. ती गल्ली, त्या बाई, ती विटांची ओळ, माझ्या चपला. मग विचारलं, त्यांचं घर परत उभं राहू दे, म्हणताय का व्हय?

वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. पुढच्या रांगेतला एकजण खुर्ची सरकवून उठला आणि निघून गेला. तेवढ्यात सात नंबरच्या आजोबांनी हात वर केला. त्यांच्या घशातून नुसती हवा आली, पण ओठ स्वच्छ वाचता येत होते. शेजारी बसलेल्या आजींनी त्यांच्या वतीने ठणकावून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मग दुसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, मग कोपऱ्यातले दोघे, मग बायकांच्या बाजूने बरेच आवाज आले. अख्खी चाळ नव्हती. सेक्रेटरी तर नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना फोन केला. गाऱ्हाण्याचं सांगितलं, लेखाचंही खरं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कितनों ने हाँ कहा?" म्हटलं, पहिल्यांदा सगळ्यांनी, दुसऱ्यांदा थोड्यांनी. तिकडे मशीन चालूच होतं. मग त्या म्हणाल्या, "दूसरी बार वालों को मेरा सलाम कहना." मी घरोघर जाऊन सांगितला.

आता कमिटीने ठराव केलाय की पुढच्या वर्षीचं गाऱ्हाणं आधी लेखी दाखवावं. मी दाखवणार नाही. आणि पुरवणीने कापलेली ती तीन वाक्यं माझ्याकडे आहेत, ती अशी:

या गावातली एक गल्ली सरकारने पाडली. तिथल्या एका घराचा दरवाजा विटांच्या ओळीपाशी होता. त्या घरात आजही चपला बाहेर काढूनच जावं लागतं.