रक्ताला रफू

माझ्या मोठ्या नणंदेला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. तिला फक्त एकाच माणसाचं बरं झालेलं बघवत नाही, आणि ते माणूस म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. बाकी सगळ्या जगाने खुशाल बंगले बांधावेत, आक्का तोंडभरून कौतुक करेल. धाकटीने दाराला नवा पडदा लावला की मात्र आक्काचं जेवणावरून लक्ष उडतं.

आक्का रफू करते. इस्त्रीने जळलेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली बाही, असलं सगळं आमच्या दुकानात येतं. मी पुढे काउंटरवर कपडे घेते आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाते. आक्का आत खिडकीपाशी उजेडाला बसते. त्याच कपड्याच्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे असे विणायचे, की गिऱ्हाइकाने विचारावं, ‘कुठे होतं हो भोक?’ हे काम माझ्या सासूबाईंचं. त्यांनी दोन्ही मुलींना शिकवलं. पुढे साखरेने त्यांचे डोळे गेले. तरी त्या खिडकीपाशी येऊन बसायच्या, कपडा उलटा करून बोटं फिरवायच्या आणि म्हणायच्या, ‘हे धाकटीचं. काय हात आहे पोरीचा!’

धाकटीने लग्नानंतर सुईला हात लावला नाही. बालवाडीत शिकवायला लागली. आक्काने सगळा जन्म त्या खिडकीपाशी काढला, सासूबाईंचं शेवटपर्यंत सगळं केलं, आणि कौतुक कुणाचं? ही आग तेव्हापासूनची आहे. मी ती विझवायला कधी गेले नाही, कारण मला माझे हात प्यारे आहेत.

धाकटी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. एके दिवशी तिचा नवरा दुकानात डोकावला आणि म्हणाला, “हिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. मोठं पॅकेज! पुढची वर्षं ठणठणीत जायला हवीत ना? फाइल बघा, ही एवढी जाड!” रिपोर्ट कसा आला ते तो बोलला नाही आणि आक्काने विचारलं नाही. तिने मनाशी ठरवूनच टाकलं की सगळं उत्तम आलं असणार. तिचं तर नेहमी उत्तमच येतं.

दुसऱ्याच दिवशी आक्का मला ओढत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी शांतपणे घरच्यांची चौकशी केली, रक्तदाब बघितला आणि चिठ्ठीवर तीन तपासण्या लिहिल्या.

“एवढ्याच?” आक्का म्हणाली.

“आईचे डोळे साखरेने गेले ना? मग तुमच्यासाठी मुख्य ही पहिली. तीन महिन्यांची सरासरी साखर. शिवाय चरबी आणि मूत्रपिंडाची. ढीगभर तपासण्या केल्या की एखादा आकडा उगाच इकडेतिकडे होतो आणि माणूस घाबरून बसतं. ज्याची भीती आहे तेच आधी बघायचं.”

रस्त्यावर येताच आक्काचा पारा चढला. “तिला फाइल आणि मला चिठ्ठी? मी काय रस्त्यावर पडलेय?”

तिथून आम्ही थेट लॅबमध्ये. काउंटरवरच्या मुलीला आक्काने आधी विचारलं, माझ्या बहिणीने कुठलं पॅकेज घेतलं. मुलीने सांगितलं नाही. मग आक्का म्हणाली, “सगळ्यात मोठं कुठलं असेल ते द्या.” मुलगी वाचायला लागली आणि तीन महिन्यांच्या साखरेपाशी आल्यावर आक्काने तिला थांबवलं.

“आठवडाभर पथ्य केलं तर ती चांगली येते का?”

“नाही मॅडम. तिला मागचं सगळं कळतं. ती फसत नाही.”

“मग ती काढा. तिच्या जागी दुसरं काहीतरी घाला.”

“ॲलर्जीची घालू?”

“घाला.”

मी तिचा दंड धरला. “आक्का, अहो, बाईंनी तीच तर पहिली लिहिली होती!”

“तू माझ्या बाजूची की तिच्या?” असं म्हणून तिने पुढच्या आठवड्याची तारीख घेतली.

तो आठवडा मी विसरणार नाही. चहातली साखर बंद, भात बंद, बिस्किटांचा डबा माझ्या कपाटात. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर तरातरा चालायची. खिडकीपाशी सुई ओवायला बसली की तिला चक्कर यायची, तरी बाई हटायला तयार नाही. मी तोंडावर म्हटलं, “आक्का, तुम्ही रक्तालाच रफू करायला निघालात.” तिला त्याचं हसू आलं, एवढंच.

रिपोर्ट आला. एकही आकडा रेषेबाहेर नाही. आक्काने ठेवणीतली साडी नेसली आणि फाइल छातीशी धरून वर गेली. साक्षीदार म्हणून मलाही नेलं.

धाकटीने फाइल घेतली, पालथी केली आणि मागच्या पानापासून बघायला लागली. रफू बघायचं तर कपडा उलटा करायचा, हे त्या घरात दोघींनाच शिकवलेलं. पानं संपल्यावर तिने मान वर केली.

“उपाशीपोटीची आहे. सरासरीची कुठाय?”

“नव्हती त्यात.”

“माझं हेच पॅकेज होतं, आक्का. त्यात असते. तू काढायला लावलीस.”

आक्का पदर सारखा करायला लागली. धाकटी खाली बघून म्हणाली, “माझी साखर निघाली. साडेसहाच्या किंचित वर आहे. तुला मुद्दाम सांगितलं नाही, तुला आनंद झाला असता म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईकडून आलीय.”

मला वाटलं, आता तरी ही बहिणीला जवळ घेईल. पण आक्काच्या तोंडावर तेच आलं जे मी लग्न झाल्यापासून बघतेय.

“आईकडून?” ती म्हणाली. “हात तुला, कौतुक तुला, आणि आता हेही तुलाच?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “आक्का, आजार आहे तो! दागिना नाही!”

धाकटी आधी हसली आणि हसता हसता रडायला लागली. “मग जा ना, करून ये ती तपासणी. बघ तुला काय दिलंय तिने. माझे डोळे गेले तर मी मुलांना तोंडी गाणी शिकवीन. तू काय करशील गं त्या खिडकीपाशी?”

आक्का फाइल तिथेच विसरून खाली आली.

सकाळी तिने चहात भरपूर साखर घातली, कारण या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, आणि एकटीच जाऊन रक्त देऊन आली. संध्याकाळी कागद मी वाचला, तिची हिंमत होईना. सातच्या जराशीच खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, पथ्य सांगितलं, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा तपासला. म्हणाले, अजून काही झालेलं नाही, वेळेवर आलात, पण दर वर्षी यायचं. आक्काने त्यांना दोनदा विचारलं, “सुईचं काम करता येईल ना?”

परत आल्यावर डोळ्यांतल्या औषधाने तिला धड दिसत नव्हतं, तरी ती सवयीने खिडकीपाशीच बसली. बालवाडी सुटल्यावर धाकटी आली. चपलाही न काढता दारातूनच विचारलं, “किती आली?”

आक्काचा आकडा मोठा होता. आईकडून बहिणीपेक्षा जास्त तिला आयुष्यात पहिल्यांदाच काही मिळालं होतं.

“तुझ्याएवढीच,” आक्का म्हणाली. “धाग्याचाही फरक नाही.”