मणेर मॅडमनी माझे नाव अडवले, त्याची हकिगत

डॉ. हमीदाबानू मणेर यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लेख द्यावा, असे गौरव समितीचे पत्र आले, तेव्हा ते मी तीनदा वाचले. मॅडमच्या हाताखालून शेकडो मुख्याध्यापक तयार झाले. त्यांत उत्तम लिहिणारे आहेत, उत्तम बोलणारे तर पुष्कळच आहेत. मग मलाच पत्र का? यामागे मॅडमचाच काही हेतू असणार, असे मनात आले. ते खरे निघाले, पण ते शेवटी सांगतो.

माझा स्वभावच संशयी आहे. आमचे गाव कात्रजच्या पलीकडचे, शहराने गिळलेले. जमिनीपायी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आमच्या घराला एवढेच शिकवले की, गोड बोलणाऱ्याच्या हातात कागद असतोच. आमचे वडील, बापू, म्हणत, “कागुद वाचल्याबिगर सही करायची न्हाय, आन् वाचल्यावर तर मुळीच करायची न्हाय.” हे बाळकडू घेऊन मी शिक्षक झालो, बिबवेवाडीतल्या एका शाळेत सतरा वर्षे विज्ञान शिकवले आणि मुख्याध्यापक व्हायचे मनात धरून शैक्षणिक प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तो वर्ग शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर भरत असे.

पहिल्या शनिवारी मणेर मॅडम वर्गात आल्या. साधी सुती साडी, हातात पेन्सिल, पुस्तक नाही. आम्हां बत्तीस जणांना त्यांनी विचारले, शाळेत आज सकाळी काय पाहिलेत ते सांगा. एकाने सांगितले, मुले बेशिस्त होती. मॅडम म्हणाल्या, ते तुमचे मत झाले, पाहिलेत काय? अख्खा तास त्यातच गेला. ज्या बाईंना स्वतःची टिपणे नाहीत, त्या आमच्याकडून फुकटात माहिती काढून त्यावर पुस्तक लिहिणार, असा निष्कर्ष मी चहाच्या सुट्टीत काढला आणि शेजाऱ्याला ऐकवलाही. पंधरा वर्षे झाली, पुस्तक आलेले नाही.

त्यांच्या अभ्यासक्रमात एक प्रात्यक्षिक असे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या शाळेत जायचे, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर पालकांसाठी जे बाक असते त्यावर दिवसभर बसायचे आणि जे दिसेल, ऐकू येईल तेवढेच वहीत लिहायचे. कोथरूडच्या एका शाळेत मी सहा तास बसलो आणि आठ पाने लिहिली. मॅडमनी त्यांतली साडेसहा पेन्सिलने काढून टाकली. ‘शिपाई कामचुकार दिसला’, ‘पालक खोटे बोलत असावा’ अशी सगळी वाक्ये गेली. उरले ते दीड पान वाचताना मला माझीच लाज वाटली, हे आज कबूल करतो. त्या दिवशी मात्र राग आला होता.

आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी तान्ह्या मुलीला घेऊन येत असे. परीक्षेच्या दिवशी मूल रडू लागले, तर मॅडमनी ते उचलले आणि तीन तास व्हरांड्यात खांद्यावर घेऊन फिरवले. हिला आता पहिला क्रमांक मिळणार, हे मी ओळखले. निकालात त्या बाई त्या पेपरात जेमतेम काठावर पास होत्या. मला हे कोडे बरेच दिवस सुटेना.

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या संस्थेने कात्रजला नवी शाळा काढायचे ठरवले. तिथला पहिला मुख्याध्यापक मीच, असे सगळे गृहीत धरून होते आणि मी तर शुभेच्छाही स्वीकारू लागलो होतो. माझ्या मागच्या तीन पिढ्यांत कुणी खुर्चीवर बसून काम केले नव्हते. बापू थकले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत, आमच्याच गावाच्या वेशीवर, माझ्या नावाची पाटी लागावी, याहून मोठे काही मला नको होते. त्यातच आमचे मुख्याध्यापक आजारपणाच्या रजेवर गेले आणि महिनाभर प्रभारी म्हणून काम माझ्याकडे आले.

त्या महिन्यातल्या एका बुधवारी मी खोलीबाहेर आलो, तर बाकावर पालकांच्या रांगेत मणेर मॅडम. मी लगबगीने पुढे झालो. त्या शांतपणे म्हणाल्या, आपलं काम चालू द्या, मी बसले आहे. चहाही घेतला नाही. मग मी काम दाखवायला लागलो. दोन शिक्षकांना मोठ्या आवाजात समज दिली, मस्टर मागवले, चार वेळा उगाच व्हरांड्यातून फेरी मारली. एकच्या सुमारास त्या उठल्या. खिडकीतून पाहिले, तर त्या फाटकाबाहेर आमच्या संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब यांच्या गाडीत बसत होत्या.

पुढच्या बुधवारी पत्र आले. कात्रजच्या शाळेचा कार्यभार वर्षभर रजेवरून परतणाऱ्या आमच्या मुख्याध्यापकांकडेच अतिरिक्त म्हणून राहणार होता. माझे नाव कुठेच नव्हते.

पुढच्या चार रात्री मी पुरावे जुळवले. बुधवार, बाक, गाडी, पत्र. मॅडमचा कुणी उमेदवार असणार. अप्पासाहेबांशी जुने संबंध असणार. रविवारी वर्ग सुटल्यावर मी त्यांना विभागाच्या दारातच गाठले. त्यांनी नाही म्हणताच एकेक मुद्दा कसा मांडायचा, हे मी पाठ करून गेलो होतो. विचारले, अप्पासाहेबांना माझ्याबद्दल काही बोललात का?

“हो,” त्या म्हणाल्या. “यांना या वर्षी देऊ नका, असं सांगितलं. त्यांनी मला मत विचारलं होतं. संस्थेचं पत्र निघेपर्यंत थांबले होते, तुम्हाला आजच बोलावून सांगणार होते.”

संशयी माणसाची खरी पंचाईत संशय खरा निघाल्यावर होते. पाठ केलेले सगळे मुद्दे वाया गेले. त्यांनी मला आत बसवले आणि आपली वही उघडून त्या बुधवारची नोंद वाचून दाखवली. त्यांच्या शेजारी एक आई बसली होती. डबे पुरवणाऱ्या एका घरगुती खानावळीत पोळ्या लाटणारी. तिच्या मुलीची विषमज्वराने सहामाही परीक्षा बुडाली होती आणि फेरपरीक्षेसाठी माझी सही हवी होती. पहिल्या वेळी मी डॉक्टरांच्या दाखल्यावरची तारीख गिरवलेली आहे म्हणून तिला परत पाठवले. दुसऱ्या वेळी शिक्का पुसट आहे म्हणून. ही तिची तिसरी खेप. साडेनऊपासून ती बसली होती आणि माझ्या चारही फेऱ्यांना उठून उभी राहिली होती. नोंदीत एवढेच होते. मत एकही नव्हते.

वही मिटून मॅडम म्हणाल्या, “अहो जगताप, मुलगी त्याच वेळी वर नववी ब मध्ये बसली होती. जिना चढून एकदा पाहून यायचं होतंत.”

सोमवारी मी जिना चढलो. मुलगी तिसऱ्या बाकावर होती. केस गळून विरळ झालेले, मनगटे काडीसारखी, दप्तर उचलायला दोन्ही हात लागत होते. त्या दाखल्यात लिहिलेले सगळे तिच्याकडे पाहिल्यावर एका क्षणात कळत होते. अजूनही अडलेली ती सही मी केली, तिच्या आईला बोलावून क्षमा मागितली. त्या माउलीला त्यातही काही डाव वाटला असावा, कारण ती लगेच निघून गेली.

पुढचे वर्षभर मॅडमनी मला दर शनिवारी वर्गाच्या अर्धा तास आधी बोलावले. कागद न चाळता, आठवड्यात पाहिलेल्या एका मुलाबद्दल सांगायचे, एवढाच अभ्यास. बापू दवाखान्यात होते, तेव्हा त्या बसने कात्रजला आल्या. सख्ख्या भावालाही कागद न दाखवणाऱ्या बापूंनी आपली दवाखान्याची सगळी फाईल त्यांच्या पुढे केली आणि म्हणाले, “बाई, यात काय हाय ते तुमीच सांगा.” मॅडमनी सगळे वाचले आणि दिवस थोडे उरले आहेत, हेही त्यांना न लपवता सांगितले. पाटी लागलेली बापूंनी पाहिली नाही. हे दुःख मॅडमना ठाऊक आहे. मी त्याबद्दल त्यांना दोष दिला नाही, असे मी म्हणणार नाही. दिला, बरेच दिवस दिला.

वर्षानंतर ती जागा मला मिळाली. अप्पासाहेब तेव्हा सहज बोलून गेले की, मॅडमनी त्याच दिवशी बजावले होते, बाहेरचा माणूस आणू नका, याच्यासाठीच जागा धरून ठेवा. मी मॅडमना विचारले, हे तेव्हाच का नाही सांगितले? “सांगितलं असतं तर वर्षभर मला खूश करत बसला असतात,” त्या म्हणाल्या.

आता त्या पत्रामागचा हेतू. आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका सध्या हाच अभ्यासक्रम करत आहेत. हुशार आहेत, कष्टाळू आहेत आणि संस्थेच्या तिसऱ्या शाळेसाठी त्यांचे नाव चर्चेत होते. गेल्या महिन्यात संस्थेने माझे मत मागितले. मी सांगितले, एक वर्ष थांबा. तेव्हापासून त्या बाई माझ्याकडे जशा पाहतात, ती नजर मी ओळखतो. लेखासाठी म्हणून मी मॅडमना फोन केला, तेव्हा कळले की समितीला माझे नाव त्यांनीच सुचवले होते आणि ही गोष्टही त्यांच्या कानावर आधीच गेली होती. त्यांनी एवढेच विचारले, “त्यांना तोंडावर सांगितलंत?” मी म्हणालो, अजून नाही. “मग माझ्यावर लेख कसला लिहिताय?”

मॅडमना निरोगी, कर्ती शंभरी लाभो, ही आम्हां सर्व विद्यार्थ्यांची मनापासूनची इच्छा. त्यांची दृष्टी अशीच स्वच्छ राहो आणि पेन्सिलीला टोक असो. माझ्या या लेखातलीही साडेसहा पाने त्या काढून टाकतील, याची मला खात्री आहे.

लेख लिहून झाला आहे, पण आज तो पाठवत नाही. उद्या प्रार्थना झाल्यावर मी त्या बाईंना बोलावले आहे. त्यांच्याशी बोलणे झाले, तरच तो समितीकडे जाईल.