तीन ओळी, तीन टेबलं

अन्याय झाला तो समुद्रापलीकडच्या एका शिलाई कारखान्यातल्या बाईवर. गेल्या पावसाळ्यात, एका गुरुवारी, दुपारी सव्वातीन वाजता, नवी मुंबईत रबाळ्यातल्या एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर. करणाऱ्यांत मी होते.

तिकडचे कामगार ज्या परदेशी कंपनीसाठी कपडे शिवतात, तिच्याकडे स्पॅनिशमध्ये तक्रारी पाठवतात, कुणी काय बजावलं ते शब्दशः लिहून. आम्ही त्या इंग्रजीत करतो. पण अख्खं पत्र कुणालाच मिळत नाही. गुप्ततेच्या नावाखाली ओळी तोडून, वर फक्त तक्रारीचा क्रमांक आणि 'स्त्री' की 'पुरुष' एवढंच ठेवून, तीन टेबलांवर वाटतात. प्रत्येक ओळीखाली एकच प्रश्न: यात धमकी आहे का?

माझ्या वाट्याला आलं, 'तु इहा साले आ ला उना.' तुझी मुलगी एक वाजता सुटते. मी इंग्रजी केलं, 'नाही'वर टिक मारली आणि चहाला गेले.

चहावर शेजारच्या टेबलावरच्या ताई हसत म्हणाल्या, आज आपल्याला कविता मिळाली बाई, 'त्या वेळी गल्लीत कुणी नसतं.' मी कप तसाच ठेवला. धावत जाऊन तिसऱ्या टेबलावर विचारलं. तक्रारीचा क्रमांक तोच, ओळ होती, 'सोमवारपर्यंत युनियनमधून नाव काढ.' तिन्हीकडे 'नाही.' तिसरा 'नाही' पडताच, सव्वातीनलाच तक्रार निकाली निघाली होती.

मी शाळेत असताना, दिघ्यातल्या आमच्या वस्तीत पाण्याच्या लाइनसाठी आई सह्या गोळा करायची. एक जण दारात आला, गोड आवाजात एवढंच म्हणाला, "पोरगी क्लासवरून नाल्याकडूनच येते ना, मावशी?" यात धमकी आहे का, हे आईने कुणाला विचारलं नाही. अर्ज फाडला. ती पोरगी मी. आणि मीच टिक मारली 'नाही'वर.

टीम लीडरकडे गेले. म्हटलं, या तिन्ही ओळी एकाच बाईला आल्यात, फाइल पुन्हा उघडा.

"ओळी जोडायच्या नसतात, करारात लिहिलंय. पुढारीपण करायचं ते तिकडे तुझ्या दिघ्यात कर. इंग्रजी चुकलंय का तुझं?"

"नाही सर."

"मग?"

मग काय! वरच्या साहेबांना मेल टाकले. शुक्रवारी दोन, शनिवारी एक. उत्तर नाही. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही, पत्ता नाही. कुणाला कळवणार होते मी? तिकडे सोमवारी एक वाजेल तेव्हा इथे किती वाजलेले असतील, हा हिशोब मात्र करत बसले. त्या मुलीचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

तुम्ही रबाळ्यात, ऐरोलीत, कुठेही असल्या टेबलावर बसत असाल तर उद्या अख्खं पत्र मागा. दिलं नाही, तर 'नाही'वर टिक मारू नका. शेजारच्या टेबलावर जाऊन विचारा, तुझी ओळ काय आहे. चहाच्या आधी विचारा.