बाईंनी बंद ठेवलेला पर्याय

साळवेबाई गेल्याचं मला सुप्यात कळलं. कारखान्याच्या ऑफिसात त्यांच्या भावाचा फोन आला. ‘‘ताई सकाळी गेली…’’ एवढंच ते बोलले. देवळाली प्रवराच्या शाळेत बाईंनी मला गणित शिकवलं होतं, पण माणूस म्हणून त्या मला कळल्या त्या फार पुढे, त्या निवृत्त झाल्यावर. महिना उलटून गेला, तरी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जायला माझे पाय एसटी स्टँडकडे वळतात.

निवृत्तीनंतर माणसं जरा निवांत होतात, बाईंनी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. गावात एका सेवाभावी संस्थेचं रक्ततपासणी केंद्र होतं. एड्स हा शब्दही तेव्हा लोक आवाज खाली आणून उच्चारायचे. नगरहून आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई यायच्या, बाकी नोंदी साळवेबाई ठेवायच्या, एक पैसा न घेता. रजिस्टर टेबलावर असायचं. ते कुणीतरी वाचलं आणि आठ दिवसांत एका सुनेला सासरच्यांनी घराबाहेर काढलं. बाईंनी रजिस्टर कपाटात टाकलं आणि कारखान्यात संगणकाचं काम पाहणाऱ्या मला निरोप धाडला की या रविवारी ये, नोंदी आता संगणकावर ठेवायच्या, यापुढे एकही नाव बाहेर जाता कामा नये.

एन्क्रिप्शनचं, म्हणजे गुप्त आकड्यांच्या किल्लीशिवाय मजकूर वाचता येऊ नये असा बंद करण्याचं गणित आम्ही स्वतः लिहिणार नव्हतो. पुण्याच्या एका मित्राकडून फ्लॉपीवर तयार लायब्ररी, म्हणजे आधीच कुणी लिहून ठेवलेला प्रोग्रॅमचा संच आणला. आपल्या प्रोग्रॅमने त्याला काम सांगायचं आणि ते कसं करायचं याचे पर्याय ठरवून द्यायचे, इतकंच आमच्या हाती होतं. पण ‘इतकंच’ हा शब्द बाईंना मान्य नव्हता. पर्यायांच्या यादीचा प्रिंटआउट घेऊन त्या पेन्सिलीने एकेका ओळीशेजारी कारण लिहीत बसल्या. मूळ फाइल मागे ठेवायची का? नाही. परवलीचा शब्द प्रत्येक वेळी विचारायचा का? हो, कंटाळा आला तरी. मला वाटायचं, चार ओळींच्या कामाला ही बाई परीक्षेचा पेपर करून बसलीय.

नोंद बाईंनी लिहून बंद करायची आणि ती उघडायची फक्त डॉक्टरीणबाईंच्या किल्लीने, असं ठरलं होतं. मी घोळ घातला तो तिथेच. आमच्या कारखान्यात प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली स्टोअरकीपरकडे असते, ती नसली तर साहेब फाडून खातात. त्याच सवयीने मी एक पर्याय चालू करून ठेवला. डॉक्टरीणबाईंच्या किल्लीप्रमाणेच नोंद करणाऱ्या बाईंच्या किल्लीनेही फाइल उघडेल, असा. डॉक्टरीणबाईंची किल्ली हरवली तर, असा माझा हिशेब. तीन महिन्यांनी बाईंच्या ते लक्षात आलं. मी उलट कौतुकाची वाट पाहत होतो. त्या रागावल्या नाहीत, चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘मला उघडता येत असेल, तर कुणीतरी माझ्याकडून उघडून घेईल. तू माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाहीस.’’ मग डॉक्टरीणबाईंना बसवून त्यांनी एकेक फाइल उघडवली आणि नव्याने बंद करवली. मला दोन रविवार घरी जाऊ दिलं नाही. मी खरंच वैतागलो होतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात गावातले एक पुढारी आले. केंद्राची खोली त्यांच्या मालकीची. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहिली होती आणि तिच्या घरचं कुणी यादीत आहे का, एवढं त्यांना हवं होतं. ‘‘बाई, फकस्त नजर टाकतो. कुनाला सांगत न्हाई,’’ ते म्हणाले. बाईंनी त्यांना संगणकासमोर बसवलं, संगणकाला फाइल उघडायचा हुकूम दिला. पडद्यावर नकार उमटला. हे मीच लिहिलंय आणि मलाच वाचता येत नाही, बाईंनी शांतपणे सांगितलं. किल्ली नगरला, आणि नगरच्या डॉक्टरीणबाई या पुढाऱ्यांच्या दबावाखाली येणाऱ्या नव्हत्या. खोली आठ दिवसांत गेली. बाईंनी संगणक हातगाडीवर घातला आणि केंद्र स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत मांडलं. शेवटपर्यंत ते तिथेच चाललं.

शोकसभा त्याच खोलीत झाली. येणाऱ्यांची नावं वहीत लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. माणसं पांगत आली तेव्हा चाळिशीची एक बाई पुढे आली. तिने साळवेबाईंच्या तसबिरीला हात जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘बाईंनी माजं नाव कुनाला कळू दिलं न्हाई. म्हून मी आजून माज्या घरात हाय…’’

मला रडू आवरेना. सवयीने वही आणि पेन मी तिच्यापुढे धरलं होतं, ते मागे घेतलं.